तुम्ही माती खाता का?

पेट्रोल मिसळलेल्या पाण्याचा नमुना घ्यायचा म्हणजे बाटली काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडासुद्धा आत राहू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावून ती बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि दोन आठवड्यांच्या आत तपासायची. नाहीतर आतलं सगळं उडून जातं आणि हातात नुसतं पाणी उरतं.

किश्श्यांचं बरोबर उलटं! त्यांना बर्फ नको, झाकण नको. उघड्यावर वर्षानुवर्षं पडून राहतात आणि उडून जायच्या ऐवजी वाढत जातात. आमच्या ऑफिसात चहाचे पेले आले की कोणीतरी म्हणतंच, "ते यशवंतपूरचं सांगा ना!" आणि ज्याचा पोपट झाला होता त्यालाच ते सांगावं लागतं. बहुतेक वेळा मला.

आधी काम सांगते. जमिनीखाली पेट्रोल-डिझेलच्या टाक्या असतात. त्या जुन्या होतात, गंजतात, झिरपतात. ते झिरपलेलं मातीतून, जमिनीखालच्या पाण्यातून कुठवर पोचलं आणि त्यामुळे तिथल्या माणसांच्या तब्येतीला किती धोका आहे, हे आम्ही शोधून काढतो. राजाजीनगरला एका भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. मी मूळची नाशिकची, लग्नानंतर बंगलोरला आले. माझी आई तिकडे सगळ्यांना सांगते, "बंगलोरला सगळ्यांच्या मुली आयटीत, आमची अनघा मातीत!"

*

आमचे साहेब म्हणजे वसंत अण्णा. वय साठीच्या पुढे, डोक्यावर कायम उन्हाची टोपी, ऑफिसातसुद्धा. त्यांचं घराणं मराठी, पण चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. मी एकदा कौतुकानं विचारलं, "अण्णा, इतक्या पूर्वी?" तर म्हणाले, "होय की! आम्ही आलो तेव्हा ट्रॅफिक नव्हता."

त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं आहे की वेगळं काढायला गेलात तर दोन्ही तुटतील.

माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला. मी एम.एस्सी.ची सगळी पुस्तकं पुन्हा वाचून गेले होते. अण्णांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "पेट्रोलचा वास आवडतो?"

आता काय सांगावं? लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून पंपावर गेले की मी अक्षरशः छाती भरून श्वास घ्यायची. खोटं बोलायला सुचेना. म्हटलं, "हो. खूप."

अण्णांनी दीर्घ श्वास सोडला. "म्हणजे कामाला सुरुवात तुझ्यापासूनच करायला पाहिजे. सोमवारी ये."

*

पहिल्याच महिन्यात मला यशवंतपूरला पाठवलं. तिथे घाऊक बाजाराच्या मागच्या बाजूला ट्रकवाल्यांचं एक जुनं आवार होतं आणि त्याच्या पोटात डिझेलची टाकी. माझ्याबरोबर होता आमचा ड्रिलर मुनियप्पा. बंगलोरची माती ह्या माणसाला आतून-बाहेरून पाठ आहे. मला मात्र त्या वेळी कानडीतले दोनच शब्द यायचे, 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं.

चार मीटरवर पोचल्यावर मुनियप्पानं मशीन थांबवलं, मातीचा लांबडा गोळा बाहेर काढला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. माझ्या हातात वाफा मोजणारा मीटर होता. तो शून्य दाखवत होता. मुनियप्पानं मीटरकडे बघून मान झटकली आणि म्हणाला, "मॅडम, मीटर बेडा. मूगु!"

मी म्हटलं, "मूग?"

"हां हां! मूगु!" आणि मातीकडे बोट दाखवलं.

मी खाली बसले. तो गोळा फोडला. अर्धा तास मी त्या मातीत मूग शोधत होते. एक दाणा सापडेना! पण एवढा अनुभवी माणूस सांगतोय आणि शेजारी कडधान्याची गोदामं आहेत, म्हणजे कधीकाळी सांडले असतील, वरून भराव पडला असेल, असा मी विचार केला आणि नोंदवहीत व्यवस्थित लिहिलं: 'चार मीटर खोलीवर मूग असल्याचे ड्रिलरचे म्हणणे. प्रत्यक्षात आढळले नाहीत.'

मूगु म्हणजे कानडीत नाक. मीटर नको, माझं नाक सांगतंय, असं बिचारा सांगत होता!

लॅबचा रिपोर्ट आला. चार मीटरवर डिझेल होतं. मीटरचा सेन्सर मेला होता. आणि माझी नोंदवही अण्णांकडून परत आली, तेव्हा मुगाच्या ओळीखाली लाल शाईत लिहिलं होतं: 'मोड आले होते का?'

ह्यानंतर अण्णांनी मुनियप्पाला मात्र चांगलंच फैलावर घेतलं. त्या वासातलं बेन्झीन रक्तात जातं, हाडांपर्यंत पोचतं, आणि हा इतकी वर्षं हुंगत होता! त्याच दिवशी त्याच्यासाठी मोठा मास्क आला आणि रक्ताची तपासणी झाली. तपासणी ठीक निघाली, पण मुनियप्पा आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. शेवटी मी विचारलं, "काय झालं?"

तो मास्कमधून म्हणाला, "सार रिटायर झाले नाहीत. माझं नाक झालं."

*

उन्हाळ्यात राजाजीनगरच्याच एका गल्लीत ड्रिलिंग होतं, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या मागे. त्या वर्षी पाण्याची बोंब होती. गल्लीत टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली. तेवढ्यात आमचं मशीन येऊन उभं राहिलं.

बोअर मारायचं मशीन! उन्हाळ्यात! मग काय विचारता? पाच मिनिटांत सगळी गल्ली गोळा झाली. फुलं विकणाऱ्या एक आज्जी होत्या. त्यांनी मुनियप्पाला बाजूला सारलं, मशीनला हळद-कुंकू लावलं, मोगऱ्याची माळ घातली आणि नारळ फोडला. मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत सांगत होते की आम्ही पाण्यासाठी नाही, तपासणीसाठी आलोय. आज्जी म्हणाल्या, "सरी सरी," आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

दुपारी पाणी लागलं. "नीरु बंतु!" असा आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, पोरं नाचली. एका बाईनं घागर पुढे केली. आणि पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग तरंगत होता.

मी घागरीला आडवी गेले. "पिऊ नका! हे पाणी कोणीही पिऊ नका! आंघोळीलाही नको!" मुनियप्पानं तेच कानडीत ओरडून सांगितलं, मग तमिळमध्ये, मग उर्दूत. पुढे केलेली घागर मागे गेली.

आज्जी पुढे आल्या. त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कसली माणसं गं तुम्ही! पाणी नाही लागलं तर लोक रडतात. तुम्ही पाणी लागल्यावर रडता!"

त्या संध्याकाळी अण्णा स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन बसले. गल्लीतल्या दोन जुन्या बोअर बंद केल्याशिवाय आणि रोजचा टँकर ठरल्याशिवाय ते उठले नाहीत. आज्जींची माळ मात्र मशीनवर तशीच होती. मुनियप्पा ती काढू देईना. म्हणाला, "पूजा खोटी नाही ना. पाणी लागलं की!"

*

आमच्या कामात एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. त्यात लोकांना विचारायचं की तुम्ही दिवसाला किती पाणी पिता, आंघोळीला किती वेळ लागतो, वजन किती, बागकाम करता का. हे सगळं गणितात घालून धोका किती ते निघतं. वजनाच्या प्रश्नाला बायका मला हाकलतात, आणि आंघोळीच्या प्रश्नाला पुरुष.

एकदा एका सरकारी कारखान्याच्या जुन्या वसाहतीत गेले होते. तिथल्या बागेखाली पूर्वी इंधनाच्या टाक्या होत्या. एका दारावर मराठी पाटी दिसली आणि मला हायसं वाटलं. बोरकर काका, मूळचे नागपूरचे, कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी पण उत्साहात फॉर्मचा तिथल्या तिथे मराठीत अनुवाद करत सुटले. लहान मुलं मातीत खेळून बोटं तोंडात घालतात, मोठ्यांच्याही पोटात भाजीबरोबर थोडी माती जाते, म्हणून फॉर्ममध्ये त्याचाही एक प्रश्न असतो. तो मी सरळ विचारला, "काका, तुम्ही माती खाता का?"

काका गंभीर झाले. चष्मा काढला. खिडकीबाहेर पाहिलं.

"नोकरीत दोन-तीनदा खाल्ली," ते म्हणाले. "पण ते तुमच्यापर्यंत कसं पोचलं?"

मी तोंडावर फॉर्म धरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "दोन-तीनदाच? लग्नात सफारी घालून आला होतात, ते नाही धरलं का?"

हसणं ओसरल्यावर काकूंनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा वाफा होता, आणि त्यासाठी माती आणली होती त्याच बागेतून. माझं हसू तिथेच संपलं. नातू आठवड्याला येतो, त्याला आजीची मेथीची भाजी फार आवडते, असं त्या सांगत होत्या.

मातीचा नमुना घेतला. प्रमाण थोडं होतं, पण होतं. मी फोन करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "उपटून टाकते. कशात घालून टाकू ते तेवढं सांग."

दुसऱ्या रविवारी मी दोन कुंड्या आणि एक पोतं चांगली माती घेऊन गेले. दार काकांनी उघडलं आणि आत बघून ओरडले, "अगं, ती माती खायला घालणारी आली!"

*

आमच्याकडे गणित करते नसीम. बंगलोरच्याच शिवाजीनगरची आहे, दखनी बोलते आणि आकड्यांशी तिचं जे काही आहे ते मला माझ्या नवऱ्याशीसुद्धा जमलेलं नाही.

मल्लेश्वरममधल्या एका मोठ्या सोसायटीच्या बोअरमध्ये अगदी किंचित बेन्झीन सापडलं होतं. लोक घाबरले होते. मीटिंग बोलावली, हॉल भरला. नसीमनं पडद्यावर तक्ते दाखवले आणि समजावलं की ह्या पाण्यानं कॅन्सरचा जादा धोका दहा लाखांत एक इतकाच आहे. म्हणजे दहा लाख माणसं आयुष्यभर हे पाणी प्यायली तर त्यातल्या एकाला. तरी काळजी म्हणून बोअरला फिल्टर बसवू.

मग सेक्रेटरी उठले. "मॅडम, आमच्या सोसायटीत सहाशेच माणसं आहेत. म्हणजे तो एक आमच्यातला नाही!"

टाळ्या पडल्या! लोक उठून निघायला लागले. नसीम माइकमध्ये ओरडतेय, "अरे नक्को! ऐसा नहीं होता जी!"

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बारीक चणीच्या बाई उठल्या. त्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. त्या हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "मला दुसऱ्या कशानं झाला. डॉक्टर मला असंच म्हणाले होते, लाखात एखाद्याला होतो. पण तो एक कोणीतरी असतोच ना."

उठलेली माणसं खाली बसली. फिल्टर त्याच मीटिंगमध्ये एकमतानं मंजूर झाला.

आम्ही रिक्षानं परत निघालो. घराजवळ उतरताना नसीम म्हणाली, "अनघा, वो एक का घर कौन से फ्लोर पे है, पता कर. कल मिलने जाती मैं." आणि गेलीसुद्धा. अजूनही दर महिन्याला जाते. त्या बाई आता बऱ्या आहेत आणि नसीमला व्हायोलिन शिकवतात. नसीमला गणित सोडून काहीही येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं!

*

नागराज मास्टरांचा किस्सा ऐकायला तर क्लायंटसुद्धा येतात.

मास्टर म्हणजे टेलर. त्यांचं दुकान एका इमारतीच्या तळघरात आणि शेजारी जुना पेट्रोल पंप. दुपार झाली की त्यांचं डोकं दुखायचं. डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलला. फरक नाही. रविवारी मात्र दुखायचं नाही. मास्टरांच्या बायकोचं म्हणणं, "रविवारी हे दिवसभर घरी असतात. म्हणजे माझ्यामुळे ह्यांचं डोकं दुखत नाही हे तरी सिद्ध झालं!"

आम्ही पंपाची तपासणी करत होतो, म्हणून तळघरातली हवाही तपासली. पेट्रोलच्या वाफा जमिनीतून झिरपून वर येत होत्या. आकडा बघून नसीमनं मास्टरांना तसंच हाताला धरून बाहेर आणलं.

घरमालक म्हणाला, रिपोर्ट येऊ द्या, मग पंखे-बिंखे बघू. पंपाचे लोकही तेच म्हणाले. रिपोर्टला काही महिने लागणार होते. अण्णा टोपी काढून म्हणाले, "तोवर ह्यानं काय श्वास धरून बसायचं?"

आणि दुसऱ्या दिवशी अण्णा, मुनियप्पा, नसीम आणि मी, चौघांनी मिळून मास्टरांचं शिलाई मशीन उचललं आणि आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये आणून ठेवलं! पहिल्या मजल्यावर! लिफ्ट नाही! जिन्यात अण्णा दर पायरीला म्हणत होते, "स्वल्प थांबा."

मग पुढचे पाच महिने आमच्याकडे खड खड खड खड. मास्टरांची गिऱ्हाइकं ब्लाउजची मापं द्यायला यायची आणि नमुन्यांच्या बाटल्यांकडे बघून विचारायची, हे अत्तर आहे का? मास्टरांचं डोकं दुखायचं थांबलं. आमचं सुरू झालं.

शेवटी रिपोर्टवर चर्चा करायला पंपाच्या कंपनीचे दिल्लीचे मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. आमच्या रिपोर्टच्या भाषेत धोका पोचतो त्या माणसाला 'रिसेप्टर' म्हणतात. साहेब पानं उलटत म्हणाले, "तुम्ही लिहिलंय की रिसेप्टरला सुरक्षित जागी हलवलं आहे. रिसेप्टर सध्या आहे कुठे?"

अण्णांनी शांतपणे लॅपटॉप वळवला. "हा काय. पँटला काजं करतोय."

साहेब गडबडले. कोपऱ्यात बसलेल्या मास्टरांकडे बघून काहीतरी विचारायचं म्हणून म्हणाले, "आप... अब ठीक हैं?"

मास्टरांनी मान वर केली. चष्म्यावरून पडद्याकडे निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मैं ठीक हूँ सार," ते म्हणाले. "आपके कोट का दाहिना कंधा ठीक नहीं है."

तळघरात पंखे, नळ्या, सगळं त्याच महिन्यात बसलं. हवा पुन्हा पुन्हा तपासून आम्ही मास्टरांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात इतकं शांत वाटत होतं की नसीमला बेरीज जमेना.

*

आता शेवटचा. हा अण्णा स्वतः कधी सांगत नाहीत. मी तिथे होते, म्हणून मी सांगते.

बंगलोरबाहेर, होसकोटेच्या पुढे एक लहानसं गाव आहे. गावाशेजारी डिझेलचा एक जुना डेपो होता. त्यातून झिरपलेलं डिझेल गावातल्या विहिरींपर्यंत पोचलं होतं. आम्ही तपासण्या केल्या, लोकांना समजावलं, गावाला नळाचं पाणी आलं. सगळ्यांनी विहिरी सोडल्या. एक घर सोडून.

त्या घरात राधाक्का राहायच्या. ऐंशीच्या घरात, एकट्या. त्यांचंही घराणं जुनं, अण्णांसारखंच मराठी. मुलगा-सून दूर नोकरीला. परसातली विहीर त्यांच्या नवऱ्यानं स्वतः खणली होती. लग्न होऊन त्या आल्या, तेव्हा पाणी लांबून आणावं लागायचं. नवऱ्यानं वर्षभर रोज कामावरून येऊन खणलं आणि पाणी लागल्यावर पहिला तांब्या त्यांना दिला. नवरा जाऊनही खूप वर्षं झाली होती.

मी तीनदा गेले. तीनदा रिपोर्ट वाचून दाखवला. त्या दरवेळी मला कॉफी द्यायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "गोड पाणी आहे बाळ. काही होत नाही." मी नसीमचे आकडे सांगितले. मुलाला फोन लावून दिला. काही उपयोग नाही. चौथ्यांदा मी अण्णांना घेऊन गेले.

अण्णांनी बॅग उघडलीच नाही. ओसरीवर टेकले आणि विहिरीबद्दल विचारत बसले. किती पुरुष खोल, खडक कुठे लागला, सुरुंग लावला का. राधाक्का खुलल्या. नवऱ्याच्या हाताला कसे फोड आले होते, ते सांगताना त्यांनी स्वतःचे तळहात उघडून दाखवले. तासभर गेला. रिपोर्टचं नाव नाही. मला कळेना, हे करतायत काय?

मग त्या म्हणाल्या, "कॉफी ठेवते."

"कॉफी नको अक्का," अण्णा म्हणाले. "तहान लागली आहे. पाणी द्या."

त्या आत निघाल्या. दाराशी नळाच्या पाण्याची कळशी भरलेली होती. गावानं आणून ठेवलेली. अण्णा म्हणाले, "ते नको. विहिरीचं द्या. ताजं."

मी अण्णांकडे बघतच राहिले.

राधाक्का परसात गेल्या. रहाटाचा आवाज आला. त्यांनी तांब्या भरून आणला, वर पेला. अण्णांनी पेला भरून घेतला. टोपी काढून बाजूला ठेवली. पेला तोंडाला लावणार तोच राधाक्कांनी त्यांचं मनगट धरलं.

अण्णा म्हणाले, "काय झालं? तुम्ही पिता की हेच."

"मी पिते."

"मग?"

त्यांनी मनगट सोडलं नाही. "पाहुण्याला कसं देऊ?"

अण्णांनी पेला खाली ठेवला नाही आणि वरही नेला नाही. मग राधाक्कांनीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला, परसाच्या पायरीवर बसल्या आणि पेला मांडीवर धरून बराच वेळ विहिरीकडे बघत राहिल्या. मी पुढे होणार होते. अण्णांनी हातानं थांबवलं.

थोड्या वेळानं त्या उठल्या. पाणी ओतून दिलं. रहाटाजवळ गेल्या, पोहरा सोडवला, दोर काढला, त्याची नीट गुंडाळी केली आणि आणून अण्णांच्या हातात दिला.

"हा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "घरात असला की मी पुन्हा बांधेन."

अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला. वाकून नमस्कार केला. राधाक्कांनी कळशीतलं पाणी घेऊन आमच्यासाठी कॉफी ठेवली. आम्ही ती प्यायलो आणि निघालो.

गाडीत बसलो. मला राहवेना. विचारलं, "अण्णा, त्यांनी हात धरला नसता तर तुम्ही खरंच प्यायला असता?"

दोर अण्णांच्या मांडीवर होता. अजून ओला. त्याचं पाणी पँटवरून सीटवर ओघळत होतं.

"ड्रायव्हर," अण्णा म्हणाले, "एसी स्वल्प कमी कर. गार लागतंय."